घाटात मऊ पडलेलं पेडल आणि ट्रॅकची तयारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2015 ची पेट्रोल स्विफ्ट, सत्तर हजार किलोमीटर झालेली, रोज चिंचवड ते हिंजवडी. दीड महिन्याने मित्रांबरोबर कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी चालवायच्या दिवसाला, जायचंय आणि गाडी पुण्याहून चालवतच न्यायची आहे. हाताशी तीस हजार रुपये आहेत. एअर फिल्टर, एक्झॉस्ट आणि महागातलं इंजिन ऑइल, यांतलं आधी काय घ्यावं?

शेवटी जाता जाता तुम्ही आणखी एक ओळ लिहिलीत. मे महिन्यात वरंधा घाटातून महाडला उतरताना ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं, मऊ लागलं, पण महाडला चहा घेऊन निघालो तेव्हा सगळं ठीक होतं. माझ्या दृष्टीने तुमचा खरा प्रश्न हाच आहे. फिल्टर आणि एक्झॉस्ट तूर्त बाजूला ठेवा. घाटात मऊ पडलेलं पेडल ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या लॅपला, म्हणजे फेरीला, पार खाली बसेल, आणि तेव्हा वेग घाटातल्या वेगाच्या दुप्पट असेल.

मी सव्वीस वर्षं गॅरेज चालवतो. त्यातली बरीच वर्षं रॅलीच्या गाड्यांच्या सर्व्हिस क्रूमध्येही राबलोय. त्या अनुभवावरून सांगतो, रोजच्या गाडीची देखभाल आणि रेसच्या गाडीची देखभाल ही मुळात एकच आहे. तीच कामं, तेच पाने. फरक मुदतीचा आहे. रस्त्यावरची गाडी दोन वर्षांत जेवढी थकते, तेवढी ती ट्रॅकवर एका दिवसात थकू शकते. म्हणून ‘सर्व्हिसिंग वेळेवर झालंय’ एवढ्यावर ट्रॅकवर जाता येत नाही. प्रत्येक गोष्ट आज कुठल्या अवस्थेत आहे, हे चाक काढून डोळ्यांनी बघावं लागतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुम्ही किती जोरात चालवणार, सलग किती लॅप घेणार, टायर किती जुने आहेत आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, यावर खर्च पाच हजारांत भागेल की तीस हजारही पुरणार नाहीत, हे ठरेल. गाडी न बघता मी आकडा देणार नाही. कामांचा क्रम मात्र नक्की सांगू शकतो.

ब्रेकवर जरा सविस्तर बोलू. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारं यंत्र. तुमची गाडी तुमच्यासकट साधारण हजार किलोची धरू. 120 च्या वेगावरून ती पूर्ण थांबवली, की जेवढी उष्णता निघते तेवढ्यात पावणेदोन लिटर पाणी उकळीला येईल. तीच गाडी 60 वरून थांबवली, तर त्याच्या फक्त चौथा हिस्सा. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे गणित एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप कळतं. घाटातही हेच चालतं. सहाशे मीटर खाली उतरताना गाडी जी ऊर्जा सोडते ती 120 वरून दहा वेळा थांबण्याएवढी असते. उतारावर गाडी न्यूट्रलला सोडली किंवा वरच्या गिअरमध्ये ठेवली, तर त्यातली बरीचशी ब्रेकच्या वाट्याला येते. म्हणून तर जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

आता ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते तेव्हा काय होतं ते बघा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण घट्ट असलं तरी रबरी होजमधून वर्षानुवर्षं थोडी थोडी ओल आत शिरतच असते, त्यात आपल्याकडे चार महिने पावसाळा. पाणी मिसळलं की ऑइल कमी तापमानाला उकळतं. डॉट 3 दर्जाचं ताजं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत टिकायला हवं, पण ओल धरल्यावर ती मर्यादा 140 पर्यंत उतरते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत, डॉट 5.1 साठी 260 आणि 180. ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल दाबता तेव्हा बुडबुडे चेपले जातात आणि चाकाबरोबर फिरणारी डिस्क पकडणाऱ्या पॅडपर्यंत जोर पोचतच नाही. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल परत कडक लागतं. महाडला चहा पिऊन होईपर्यंत तुमच्या गाडीत बहुधा हेच घडलं. ब्रेक ‘ठीक झाले’ नव्हते, फक्त निवले होते.

इथे एक फरक ओळखायला शिका, ट्रॅकवर फार कामाला येतो. पेडल मऊ पडून खाली जात असेल तर दोष ऑइलचा किंवा पाइपात शिरलेल्या हवेचा. पेडल कडक आहे, पायाला जोर लागतोय, पण गाडी थांबत नाही, असं असेल तर पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापलेत. पहिल्यावर उपाय ऑइल बदलणं, दुसऱ्यावर उपाय चांगले पॅड आणि थोडं सबुरीने चालवणं. मऊ पेडलवर नवीन पॅड बसवून लोक पैसे वाया घालवतात. (थंड गाडीतही पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली सरकत असेल, तर गळती किंवा मास्टर सिलेंडरचा, म्हणजे पेडलला जोडलेल्या ऑइलच्या पंपाचा, दोष. तशी गाडी रस्त्यावरही काढू नका.)

माझ्या स्वतःच्या गाडीचा अनुभव सांगतो. एक जुनी हॅचबॅक घेतली होती. सर्व्हिस बुकात ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद होती, शिक्का होता. मी त्यावर विश्वास ठेवला. आंबेनळी घाटातून पोलादपूरकडे उतरताना, बायको आणि मुलगी गाडीत असताना, एका वळणाआधी पेडल थेट फळीला टेकलं. भराभर पंप करत, तिसऱ्यावरून दुसऱ्यात टाकत गाडी डोंगराच्या बाजूला कशीबशी घेतली. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये ऑइल काढलं तर कोऱ्या चहाच्या रंगाचं, तळाला काळा गाळ. ते कित्येक वर्षांत बदललेलंच नव्हतं. त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या बुकातला शिक्का मी बघतो आणि मग डबीचं झाकणही उघडतो.

काम कसं होतं ते तुम्ही एकदा समोर उभं राहून बघा. आमच्याकडे एक जण सीटवर, एक चाकाशी. चाक काढलेलं, गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही, हा आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. चाकाच्या ब्रेकवर ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा पोकळ स्क्रू असतो, तो निपल. निपलला पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या ऑइलमध्ये बुडवायचं. मी ओरडतो, “दाब… दाब… दाब… धर!” सीटवरचा पेडल दाबून धरतो, मी निपल पाव आटा सैल करतो, नळीतून काळपट ऑइल येतं, मधेच बुडबुड्यांची माळ. निपल बंद केला की मगच “सोड!” हा क्रम चुकला तर नळीतली हवा उलट आत जाते. असं करत करत नळीत ताजं, मधाच्या रंगाचं ऑइल दिसेपर्यंत चालू ठेवायचं, आणि सगळा वेळ वरची डबी रिकामी होऊ द्यायची नाही. चाकांचा क्रम गाडीप्रमाणे बदलतो, मॅन्युअलमध्ये असेल तोच धरायचा. ऑइलचा एक थेंबही रंगावर पडू देऊ नका, रंग सोलून काढतं. आणि उघडी उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. ती कपाटातही ओल धरते.

तुमच्या गाडीला सीलबंद बाटलीतलं चांगलं डॉट 4 पुरेल. पूर्ण बदलायला साधारण एक लिटर आणा. नावातल्या आकड्याला भुलून डॉट 5 मात्र घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, नेहमीच्या ऑइलमध्ये मिसळत नाही आणि आपल्या गाड्यांसाठी नाहीच. डॉट 5.1 वेगळं, ते चालतं.

ऑइल बदलताना चाकं निघालेलीच असतात, तेव्हाच बाकीचं बघून घ्या. पुढच्या पॅडची जाडी बघा. रस्त्यासाठी 3 मिलिमीटरला बदला म्हणतात, पण ट्रॅकला जाताना अर्ध्याहून कमी पॅड असेल तर मी नवाच टाकतो, कारण पातळ पॅडमधून उष्णता लवकर मागे पिस्टनपर्यंत पोचते. डिस्कच्या काठावर नखाला लागेल असा कंगोरा आलाय का बघा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ती मोजून घ्या. चाकापाशी वाकणाऱ्या रबरी होजला पीळ द्या, बारीक भेगा दिसल्या तर होज बदला. मागच्या ड्रममध्ये पावसाळ्यानंतर चिखलाची बारीक पूड साठते. ड्रम काढून साफ करा, ड्रमला आतून घासणारे लायनर बघा, सिलेंडरच्या रबराआड ओल आहे का तपासा.

रेसचे पॅड घेऊ का, असं तुम्ही पुढे विचारालच. मी तरी घेणार नाही. खरे रेसिंग पॅड तापल्यावर चावतात. सकाळी चिंचवडच्या पहिल्या सिग्नलला थंड असताना ते नेहमीच्या पॅडपेक्षा कमी धरतात. रोजच्या गाडीला कंपनीचे मूळ पॅड किंवा रस्त्यासाठीच बनवलेले थोडे वरच्या दर्जाचे पॅड घ्या, आणि नवे पॅड ट्रॅकच्या किमान पाच-सहाशे किलोमीटर आधी बसवून रुळू द्या. पुणे ते कोइम्बतूर बाराशे किलोमीटर आहे, त्यातच ते रुळतील.

ब्रेकनंतर टायर. टायरच्या बाजूला ‘डॉट’ने (DOT) सुरू होणाऱ्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही उरली असली तरी सहा वर्षांवरचा टायर मी ट्रॅकवर जाऊ देत नाही, कारण रबर कडक झालेलं असतं. खाचांच्या तळाशी 1.6 मिलिमीटर उंचीचे आडवे उंचवटे असतात. नक्षी तिथपर्यंत झिजली की टायर संपला. पाऊस असेल तर त्याच्या बराच आधी संपला असं समजा. तुमच्या गाडीचे टायर मूळचेच असतील, तर तीस हजारांतले बहुतेक पैसे इथेच जाणार, आणि ते योग्य जागी जाणार.

हवा थंड टायरमध्ये मोजायची, ड्रायव्हरच्या दाराशी पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. स्वतःचा एक चांगला गेज घ्या. पेट्रोल पंपावरचे गेज मी एकाच दिवशी तीन ठिकाणी तपासले तर तिघांचं तीन सांगणं होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. ट्रॅकवर पाच-सहा लॅपमध्ये तो सहा-सात पीएसआयने चढलेला मी नेहमी बघतो. तेवढी हवा सोडावी का? फुगलेला टायर मधल्या भागावर चालतो आणि पकड सोडतो, म्हणून थोडी सोडावी लागते, पण किती ते टायरच सांगतो. टायरच्या कडेवर खडूने तीन-चार आडव्या रेघा मारा, नक्षीपासून बाजूच्या भिंतीपर्यंत. दोन-तीन लॅप मारून या आणि बघा. खडू भिंतीवरूनही पुसला गेला असेल तर टायर फार लोळतोय, हवा कमी आहे. नक्षीच्या कडेलाही खडू शाबूत असेल तर हवा जास्त आहे. संध्याकाळी निघताना मात्र टायर निवल्यावर पट्टीवरचा दाब पुन्हा भरायचाच. ट्रॅकसाठी सोडलेल्या हवेवर हायवेला लागलेली गाडी मी पाहिली आहे, तिच्या दोन टायरच्या भिंती दीडशे किलोमीटरमध्ये गेल्या.

चाकाचे नट चौकड्याच्या क्रमाने, समोरासमोरचे, टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला घट्ट करा. पाइप लावून पायाने दाबलेला नट जास्त ताणला जातो आणि डिस्कही वाकडी बसू शकते. ट्रॅकवर प्रत्येक सेशननंतर, म्हणजे सलग लॅप मारून थांबल्यावर, नट पुन्हा तपासा. रॅलीत सर्व्हिसला वीस-तीस मिनिटं मिळतात, तेवढ्यातही हे काम कधी गाळलं जात नाही.

इंजिनबद्दल मी थोडक्यातच सांगतो, कारण तुमच्या गाडीचं इंजिन एका ट्रॅक डेसाठी मुळात पुरेसं मजबूत आहे. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच, ताजं टाका, फिल्टरसकट. पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी बघा आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत आणा, कारण लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं आणि पातळी कमी असेल तर पंप क्षणभर हवा ओढतो. खुणेच्या वर मात्र भरू नका. इंजिनातला फिरता दांडा, क्रँक, त्यात आपटून फेस होतो. एअर फिल्टर साधाच, नवीन. नाशिकच्या रॅलीत धुळीने माखलेले फिल्टर आम्ही दिवसभर बदलत असायचो, आणि तिथे फायदा स्वच्छ कागदाचा व्हायचा. एक्झॉस्टचे पैसे पूर्ण वाचवा.

कूलंटकडे मात्र लक्ष द्या. कधी कोणी त्यात बोअरचं पाणी भरलं असेल तर क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचलेले असतात. पूर्ण काढून तयार मिसळलेलं कूलंट भरा. रेडिएटर कॅपचं रबर बघा. ती कॅप आत दाब धरून ठेवते म्हणून पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही, आणि त्याच कारणाने गरम गाडीची कॅप कधीही उघडायची नसते. रेडिएटरच्या पुढच्या जाळीत चिखल आणि किडे बसलेले असतात. ते हलक्या धारेने इंजिनच्या बाजूकडून बाहेर धुऊन काढा. प्रेशर वॉशरने पत्रे दुमडतात.

ट्रॅकवर गेल्यावर दोन सवयी पाळा. प्रत्येक सेशनची शेवटची लॅप सावकाश, ब्रेक जवळपास न वापरता मारा, म्हणजे वाऱ्याने डिस्क आणि इंजिन दोन्ही निवतात. आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेला ड्रम लायनरने जखडला गेला की निवताना त्याचा आकार बिघडू शकतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. सुरुवातीला पाच-सहा लॅपच्या वर सलग जाऊ नका. कारी ट्रॅक दोन किलोमीटरच्या आसपासचा आहे, वळणं पटापट येतात, ब्रेकला निवायला सवड कमी मिळते.

ट्रॅकवर सोडण्याआधीच्या तपासणीत अडवतील अशा गोष्टी घरीच बघा. बॅटरीचा क्लँप घट्ट आहे का, ब्रेकचे दिवे लागतात का, ॲक्सिलरेटर सोडल्यावर झटकन परत येतो का, चाक उचलून वर-खाली हलवल्यावर बेअरिंगला खेळ लागतो का. ट्रॅकवर उतरण्याआधी तिथे गाडीतलं सगळं सुटं सामान बाहेर काढा, स्टेपनी, जॅक, फ्लोअर मॅट, डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्तीसुद्धा. ब्रेक मारताना पायाखाली आलेली एक पाण्याची बाटली पुरते. आणि विम्याची पॉलिसी काढून वाचा. आपल्या नेहमीच्या मोटार विम्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. तुमचा ट्रॅक डे त्यात बसतो का हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या, म्हणजे नंतर धक्का बसणार नाही.

ज्यांना ट्रॅकशी काही देणंघेणं नाही आणि तरी हे वाचताहेत, त्यांच्यासाठी यातलं निम्मं तसंच्या तसं लागू आहे. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, महिन्यातून एकदा थंड टायरची हवा, वर्षातून एकदा ड्रम उघडून साफ. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा, नाहीतर लायनर ड्रमला चिकटतात. कोकणात समुद्राजवळ राहत असाल तर ब्रेकचे लोखंडी पाइप गंजलेत का, हे खालून टॉर्च मारून बघा.

आता तुमच्या दीड महिन्याचं. या आठवड्यातच ब्रेक ऑइल काढायला सांगा आणि जुनं ऑइल काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरून बघा. त्याच वेळी पॅड, होज, ड्रम आणि टायरवरचे चार आकडे. टायर लागणार असतील तर लगेच घ्या, नव्या टायरलाही शे-दोनशे किलोमीटर रुळायला लागतात. कूलंट आणि इंजिन ऑइल निघण्याच्या आठवडाभर आधी. मग एकदा रिकाम्या गाडीने खंबाटकी किंवा ताम्हिणी उतरून या, योग्य गिअरमध्ये, आणि खाली पोचल्यावर थांबून लगेच पेडल दाबा. ते सकाळी होतं त्याच उंचीवर, तेवढंच कडक लागलं पाहिजे. बोटभर जरी खाली गेलं, तर पाइपात अजून हवा आहे, पुन्हा ब्लीडिंग, म्हणजे निपलमधून हवा काढायचं तेच काम, करून घ्या आणि मगच कोइम्बतूरचं बुकिंग पक्कं करा.

ट्रॅकहून परतताना तोच बाराशे किलोमीटरचा रस्ता त्याच गाडीने कापायचाय. म्हणून शेवटचं सेशन सोडलं तरी चालेल, पण संध्याकाळी उजेड असताना पॅडची उरलेली जाडी, नट, ऑइलची पातळी आणि हवा बघितल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. पॅडचा एक जोड, अर्धा लिटर सीलबंद ब्रेक ऑइल आणि निपलला बसणारा पाना डिकीत घेऊन जा. जुनं ऑइल ग्लासात कसं दिसलं ते इथे जरूर लिहा. रंगावरून मला पुढचं बरंच सांगता येईल.